पाहुणा गेल्यानंतरचा सराव

टांझानियाच्या उत्तरेला, मन्यारा प्रांतात, हायडोम नावाचे ग्रामीण रुग्णालय आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला तिथे बहुतेक वेळा ड्यूटीवरची सुईण-परिचारिकाच सांभाळते. डॉक्टर पोहोचेपर्यंत जे घडायचे ते घडून गेलेले असते. २०१० मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे अमेरिकी बालरोग अकादमीने आखलेले एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. बाळ कोरडे करा, पाठ चोळा, आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर जन्मापासून एका मिनिटाच्या आत बॅग-मास्कने हवा द्या, एवढाच त्याचा गाभा. सात महिन्यांनी सरावासाठीच्या बाळाच्या बाहुलीवर परीक्षा घेतली तेव्हा उत्तीर्णांचे प्रमाण खूप वाढलेले दिसले. प्रसूतिकक्षातल्या नोंदी मात्र वेगळे सांगत होत्या. खऱ्या बाळांना हवा देण्याचे प्रमाण होते तेवढेच राहिले होते.

हा निष्कर्ष स्वयंसेवक म्हणून परदेशी शिकवायला जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने आणि परिचारिकेने जाण्याआधी वाचायला हवा. अशा दौऱ्यांचे स्वरूप ठरून गेले आहे: दोन-तीन दिवसांची कार्यशाळा, शेवटी परीक्षा, प्रमाणपत्रे, मग परतीचे विमान. शिकवणारे मनापासून शिकवतात आणि शिकणाऱ्याही जीव लावून शिकतात, यात शंका नाही. पण परीक्षा बाहुलीची होते आणि प्रसंग येतो रात्री दोन वाजता, वॉर्डात एकटी असताना, समोर आईचा रक्तस्राव चालू असताना. त्या वेळी हात आपोआप चालावे लागतात, आणि तसे ते एका दिवसात तयार होत नाहीत.

हायडोमने यावर जो मार्ग काढला, तो मला या क्षेत्रातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टींपैकी एक वाटतो. २०११ पासून तिथे बाहुली प्रसूतिकक्षाजवळच ठेवली गेली आणि दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू झाला, ड्यूटी चालू असतानाच. महिन्यातून एकदा थोडी मोठी उजळणी. पुढे जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यात पहिल्या २४ तासांतले बाळांचे मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले होते. बाहुली तीच आणि पायऱ्याही त्याच होत्या. टांझानियाच्या आठ रुग्णालयांत ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ याच कार्यक्रमानंतर पहिल्या दिवसाचे मृत्यू ४७ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये नोंदले गेले. तिथे देशाच्या आरोग्य खात्याने हे काम आपले म्हणून हाती घेतले होते.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायलाही, आणि त्यांच्यामागे नियमित देखरेख ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम छापले तेव्हा जगाने त्याची दखल घेतली. त्या स्त्रिया त्याच गावात राहत होत्या, हे त्या यशाचे मोठे कारण आहे.

म्हणून परदेशी गेलेल्या स्वयंसेवकाचे खरे काम तिथल्या एका-दोन परिचारिकांना शिकवणाऱ्या बनवणे हे आहे. वर्ग त्यांनी तिथल्या भाषेत, टांझानियात तर स्वाहिलीत, घ्यावा, पाहुण्याने मागे बसून पाहावे, अडले तर मदत करावी. ज्या वॉर्डात ऑक्सिजन आज असतो आणि उद्या नसतो, तिथे काय करायचे हे त्यांना पाहुण्यापेक्षा जास्त कळते, तेव्हा ते त्यांच्याकडून शिकूनही घ्यावे. सराव चालवणारीला मेट्रनने ड्यूटीच्या वेळापत्रकात जागा द्यावी आणि तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली तर जागेवर कोण येणार हेही ठरवून ठेवावे. अशा बारीकसारीक बाबींवरच सगळे अवलंबून असते, आणि दौऱ्याच्या आखणीत नेमक्या त्याच सुटतात. शिकवण्याच्या साहित्याची अडचण म्हणावी तर जागतिक आरोग्य संघटनेने रेड क्रॉससह २०१८ मध्ये मूलभूत आपत्कालीन उपचारांचा अभ्यासक्रमही साधने अपुरी असलेल्या ठिकाणांसाठी खुला केला आहे.

आफ्रिकेत, नेपाळमध्ये किंवा आणखी कुठे शिकवायला निघालेल्या मराठी डॉक्टरांना आणि परिचारिकांना विनंती आहे. तिकीट काढण्याआधी त्या रुग्णालयाच्या मेट्रनला फोन करा आणि विचारा: आम्ही गेल्यावर सराव कोण घेणार, कोणत्या वारी, आणि बाहुली कुठे ठेवणार? उत्तर मिळाले नाही तर ते दोघांनी मिळून ठरवा, त्यासाठी जाणे दोन महिने लांबले तरी चालेल. आणि परतताना बाहुली तिथेच ठेवून या.