बांचा आवाज आणि नवा संगणक

मोरा बंदर आणि मुंबईचा भाऊचा धक्का यांच्यामध्ये लाँच चालते. मोठी ओहोटी असली की गाळामुळे लाँच धक्क्याला लावणे अवघड होते. समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत रेल्वे आली व त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले, तरी या किनाऱ्यावर मुंबईच्या खरेदीला निघताना भरतीची वेळ पाहण्याची सवय सुटलेली नाही. वेळ साधण्याची ही सवय संगणकाच्या खरेदीतही उपयोगी पडते.

या बंदराजवळ राहणारे एक पिढीजात कापड व्यापारी कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. घरातील आजींना सारे ‘बा’ म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना साठ-सत्तर स्तवने मुखोद्गत आहेत आणि त्यांपैकी काहींच्या चाली घरात दुसऱ्या कोणालाही येत नाहीत. नातू वाणिज्य शाखेत शिकतो व हार्मोनियम बरी वाजवतो. बांची स्तवने घरीच ध्वनिमुद्रित करून, त्यांना तबला-टाळांची साथ देऊन, पर्युषणापूर्वी नातलगांना पाठवावीत, असे त्याच्या मनात आले. त्यासाठी त्याने दादांपुढे दीड लाख रुपयांच्या संगणकाचे कोटेशन ठेवले.

दादांनी चष्मा पुसत विचारले, “बांना गायला दीड लाख लागतात?”

प्रश्न कंजुषीचा नव्हता. कोणत्याही कर्जप्रकरणात पहिला प्रश्न हाच असतो: रक्कम कशासाठी? त्या प्रश्नाचे उत्तर नीट दिले की संगणकाची निवड निम्म्याने सोपी होते.

काम कोणते, ते आधी ठरवावे

घरच्या संगीतकामाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात खरा आवाज व खरी वाद्ये मायक्रोफोनने टिपून घ्यायची, त्यांची जुळणी करायची आणि अंतिम फाइल तयार करायची. दुसऱ्या प्रकारात व्हायोलिनचा ताफा, बासरी, पखवाज अशी वाद्ये संगणकातच साठवलेल्या नमुन्यांतून वाजवायची. नमुन्यांचे हे संग्रह मोठे असतात आणि वाजवताना रॅममध्ये बरीच जागा व्यापतात. म्हणून दुसऱ्या प्रकारासाठी ३२ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम घेणे योग्य ठरते. पहिल्या प्रकाराला १६ जीबी पुरते.

बांचे काम पहिल्या प्रकारातले. एक आवाज, एक हार्मोनियम, तबला आणि टाळ, असे चार ट्रॅक. सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्याला २४ बिट या दर्जाने एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६४ एमबी जागा लागते. चार ट्रॅकना तासाला साधारण २ जीबी. शंभर स्तवने, प्रत्येक सहा मिनिटांचे व प्रत्येकाचे तीन प्रयत्न धरले तरी एकूण तीस तास होतात आणि जागा लागते सुमारे ६२ जीबी. ५०० जीबीच्या एसएसडीतही त्यानंतर पुष्कळ जागा उरते.

नातवाच्या कोटेशनमधील मोठी रक्कम ग्राफिक्स कार्डाची होती. खेळांना व चित्रफितींच्या संपादनाला ते उपयोगी असते. ध्वनीच्या कामात त्याचा जवळजवळ उपयोग नाही. उलट त्याचा पंखा खोलीत घुमतो आणि मायक्रोफोन तो घुमारा इमाने-इतबारे टिपतो. प्रोसेसर निवडताना केवळ गाभ्यांची संख्या पाहू नये. एका ट्रॅकवर एकापाठोपाठ लावलेले परिणाम बहुधा एकाच गाभ्यावर चालतात, म्हणून एकेका गाभ्याचा वेगही तितकाच महत्त्वाचा.

ॲपलचा मॅक मिनी हाही एक पर्याय आहे. त्यात ध्वनीची यंत्रणा कार्यप्रणालीतच अंगभूत असते व गॅरेजबँड हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. मात्र २०२० पासूनच्या एम मालिकेच्या चिपांमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. तेथे घेतानाच पुरेशी रॅम घ्यावी.

पेढीचा संगणक चालेल का?

प्रत्येक पेढीत हिशेबाचा एक संगणक असतो. ‘त्यावरच करा की,’ असे कोणी तरी म्हणतेच. ही सूचना अर्धी बरोबर आहे. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली व रॅम १६ जीबी केली, तर तो पुष्कळदा या कामाला पुरतो. पण चालू हिशेबाच्या यंत्रावर ध्वनीचे प्रयोग करू नयेत. नवे ड्रायव्हर घालताना हिशेबाची प्रणाली अडखळली, तर विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात घरात संगीताविषयी जी भावना निर्माण होईल ती टिकाऊ असेल. पेढीतून निवृत्त केलेला एखादा संगणक असल्यास तो घ्यावा. एवढे मात्र पाहावे, की विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि फार जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ ध्वनिमुद्रणासाठी वापरता येईल.

सॉफ्टवेअरसाठीही आरंभीच पैसे मोजण्याची गरज नाही. ऑडॅसिटी विनामूल्य आहे. रीपर हे पूर्ण क्षमतेचे सॉफ्टवेअर ६० दिवस पारखून पाहता येते. साठ दिवसांत नातवाचा उत्साह टिकतो की ओसरतो, हेही दादांना कळेल.

खर्चाची वाटणी

संगणक हा या साखळीतला एक दुवा आहे. मायक्रोफोनमधून आलेला क्षीण संकेत वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करणारी पेटी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठाही तीच करते. संगणकाच्या अंगच्या माइक-जोडणीत हे गुण नसतात. त्यामुळे दीड लाखाच्या संगणकाला कानाचा हेडफोन-माइक जोडणाऱ्यापेक्षा बेताच्या संगणकाला चांगला इंटरफेस व मायक्रोफोन जोडणाऱ्याचे ध्वनिमुद्रण सरस होते. एकूण रकमेतील निम्म्याहून जास्त वाटा संगणकाला देऊ नये.

आयकराच्या हिशेबात संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरला जातो. एक लाखाचे यंत्र पहिल्या वर्षानंतर वहीत ६०,००० चे, दुसऱ्यानंतर ३६,००० चे व तिसऱ्यानंतर २१,६०० चे उरते. बाजारातील पुनर्विक्रीची तऱ्हाही फारशी निराळी नाही. चांगला मायक्रोफोन जपून वापरल्यास कितीतरी वर्षे काम देतो. म्हणून पुढे कधी तरी लागेल या विचाराने आज मोठा संगणक घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. एक पथ्य आणखी: संगणकावर १८ टक्के जीएसटी लागतो. घरगुती वापराची वस्तू पेढीच्या नावे दाखवून त्या कराची वजावट घेता येत नाही. स्तवनांचा आरंभ अशा नोंदीने होऊ नये.

खोलीचा प्रश्न कापड व्यापाऱ्याला सर्वांत स्वस्तात सोडवता येतो. रिकाम्या खोलीच्या भिंतींवरून आवाज परततो व गाण्याला घुमटातल्यासारखा पोकळपणा येतो. जाड कापड हे परतणे, विशेषतः उंच स्वरांचे, बरेच शोषून घेते. तागे रचलेली वखारीची खोली ही या कुटुंबाची तयार ध्वनिशाळा आहे. पंखा बंद ठेवावा, लाँचचे इंजिन व रस्त्याची वर्दळ नसेल अशी पहाटेची वेळ निवडावी. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या जोडण्या गंजतात. काम झाल्यावर मायक्रोफोन व इंटरफेस सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावेत.

यंत्राची मशागत

घेतलेल्या यंत्राकडून नीट काम करून घेण्याला खरेदीइतकेच महत्त्व आहे. संगणक ध्वनीचे नमुने एकेक न हाताळता गठ्ठ्याने हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १०२४ नमुन्यांचा असेल, तर ४८,००० च्या दराने तो भरायला सुमारे २१ सहस्रांश सेकंद लागतात. जाणे आणि येणे धरून सुमारे ४३. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात जवळजवळ १५ मीटर जातो. म्हणजे हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्या बांना तो दालनाच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखा भासेल आणि लय चुकेल. बफर १२८ केला की हेच अंतर दोन मीटरांच्या आत येते. मात्र लहान बफरमुळे प्रोसेसरवर ताण येतो व आवाजात टकटक होऊ लागते. म्हणून गाताना बफर लहान आणि नंतरच्या जुळणीच्या वेळी मोठा ठेवावा. बहुतेक इंटरफेसमध्ये गाणाऱ्याचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय असते. ती वापरली तर हा प्रश्नच उरत नाही.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हरच वापरावा. वीजवापराची निवड सर्वोच्च कार्यक्षमतेवर ठेवावी. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. ध्वनिमुद्रण चालू असताना वाय-फाय, ब्लूटूथ व क्लाउडची आपोआप होणारी नक्कल बंद ठेवावी. एवढे करूनही टकटक राहिली, तर लेटन्सीमॉन हे साधन कोणता ड्रायव्हर वाट अडवतो ते दाखवते. पुष्कळदा दोष प्रोसेसरचा नसून वाय-फायच्या ड्रायव्हरचा निघतो आणि नव्या संगणकाचा खर्च वाचतो. काम अर्ध्यावर असताना प्रणालीचे मोठे अद्ययावतीकरण करू नये. वीज गेल्यास फाइल नीट बंद करता यावी एवढ्यासाठी लहानसा यूपीएस पुरेसा आहे.

मूळ ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात जपावे. नातलगांना पाठवायला एमपीथ्री चालेल. प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर ठेवावी. २६ जुलै २००५ च्या पुरात ज्यांच्या चोपड्या भिजल्या त्यांना या नियमाचे कारण सांगावे लागणार नाही.

स्तवन चित्रपटगीताच्या चालीवर असेल, तर ते यूट्यूबवर टाकण्यापूर्वी विचार करावा. भारतीय कायद्याने संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. शब्द भक्तीचे असले तरी चाल दुसऱ्याची असू शकते.

चाल कोठे गेली?

एवढ्या खटाटोपाचे कारण काय, असा प्रश्न उरतो. मुंबईत वकिली करणाऱ्या मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ हा प्रचंड सूचिग्रंथ सिद्ध केला. जुन्या रासांच्या व स्तवनांच्या आरंभी ते कोणत्या प्रचलित गीताच्या चालीवर गावे याची नोंद असे. तिला ‘देशी’ म्हणत. अशा देशींची भली मोठी सूची देसाई यांनी दिली आहे. चालींची नावे त्यामुळे वाचली. पण नाव म्हणजे चाल नव्हे. ती गीते लोकांच्या ओठांवरून उतरली, तेव्हा कित्येक देशी कशा गायल्या जात हे सांगणारे कोणी उरले नाही. शब्द पोथीत राहिले, स्वर गेले. याच मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतील चिजा स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, म्हणून त्या आज शिकता येतात. ज्याची नोंद झाली तेवढेच पुढे आले.

कल्पनेतल्या त्या घरात शेवटी नवा संगणक घेतला गेला नाही. पेढीतील जुन्या यंत्राला एसएसडी व रॅम बसली. उरलेल्या रकमेत इंटरफेस, एक मायक्रोफोन आणि दोन हेडफोन आले. पहाटे वखारीत तागे रचून बांना बसवले. पहिल्या दिवशी त्यांचा स्वर कापत होता व दोन ओळी विसरल्या. नातवाने ते पुसायला हात पुढे केला तेव्हा दादा म्हणाले, “राहू दे. वहीत खाडाखोड चालते, पान फाडायचे नसते.” चौथ्या दिवशी बांना त्यांच्या आईकडची एक चाल आठवली. ती त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत गायलीच नव्हती.

पुढच्या वर्षी संगणक अधिक वेगवान व कदाचित स्वस्तही मिळेल. घरातील वृद्धांच्या आवाजाविषयी असे म्हणता येत नाही. ज्या घरात असा आवाज आहे, त्यांनी कोटेशन मागवण्यापूर्वी हाताशी असलेल्या मोबाइलवर आज एक तरी स्तवन टिपून ठेवावे, आणि मग निवांतपणे संगणकाचा हिशेब मांडावा.