टायर जाड का बारीक? आधी रान बघा



काल पंक्चरच्या दुकानापुढं आम्हा सायकलवाल्यांची चांगलीच जुंपली. टायर जाड बरा का बारीक? माझी जुनी अठ्ठावीस इंची, पुतण्याची जाड टायरची गिअरवाली, आणि कृषी खात्यातले एक तरुण साहेब सकाळी व्यायामाला बारीक टायरच्या रेसिंगवर येतात.

साहेब म्हणाले, "काका, टायर बारीक अन् हवा कडक, तरच सायकल पळते." पुतण्या म्हणाला, "एकदा आमच्या पाणंदीनं या साहेब, पळती का रुतती ते बघू." मी म्हणालो, मोठं चाक खड्ड्यात कमी आदळतं, आमची जुनीच बरी. दुकानदार हसला. "भांडा खुशाल. सराटा काय टायर बघून घुसत नाही."

खरं तर तिघंही आपापल्या जागी बरोबर. गुळगुळीत डांबरीवर कडक हवा चालते. खडबडीत रस्त्यावर तीच हवा सायकल उडवते अन् जोर वाया जातो. टूर द फ्रान्समधले खेळाडूही पूर्वी २३ मिलिमीटरचे टायर वापरायचे, आता २८ अन् त्याहून जाड वापरतात. हवेच्या टायरचं १८८८ साली पेटंट घेणारा जॉन डनलॉप तर जनावरांचा डॉक्टर. बेलफास्टच्या रस्त्यावर पोराची तीनचाकी आदळू नये म्हणून त्यानं हा उद्योग केला. म्हणजे टायर रस्ता बघूनच ठरवायचा.

घरी येताना मनात हिशोब घातला. टायरात जेवढी हवा, साधारण तेवढाच दाब जमिनीवर. मी अन् सायकल मिळून ९० किलो, हवा ४५ पौंड. म्हणजे दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकतात जेमतेम ३० चौरस सेंटीमीटर. तळहाताएवढी जागासुद्धा नाही. म्हणून ओल्या रानात सायकल रुतते.

आता ट्रॉली घ्या. डांबरीवर माल वाहायला टायर टणक भरलेले, अन् तसेच रानात येतात. सायकलच्या हवेवर आम्ही तासभर भांडलो, पण आपल्या ट्रॉलीत हवा किती, हे एकालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही.

त्याची किंमत मी मोजलीय. तीन वर्षांमागं सोयाबीन निघालं अन् पाऊस झाला. वाफसा नव्हता, पण आभाळ परत भरलं म्हणून घाईनं ट्रॉली रानात घातली. पोती वाचली. पुढं हरभरा मात्र चाकोरी-चाकोरीनं बुटका राहिला. खोदलं तर वीतभर खाली फरशीच, अन् मुळं आडवी गेलेली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. वाफसा नसला तर ट्रॉली बांधावर उभी करायची अन् पोती डोक्यावर आणायची. मजुरी लागते, मान्य. पण ती एकदाच लागते, चेपलेलं रान कैक हंगाम वसूल करतं. अगदीच आत जावं लागलं तर एकच चाकोरी धरा, कारण सगळ्यात जास्त चेपतं ते पहिल्याच फेरीला. ट्रॅक्टरच्या टायरात शेतकामाला कंपनीच्या तक्त्याप्रमाणं हवा ठेवा. अन् ट्रॉली अर्धीच भरा. वरचा थर टायरच्या हवेनं चेपतो, पण खोलवरचा एकूण वजनानं. तिथं जाड टायरही फारसा कामाला येत नाही. एवढ्यावर मात्र साहेबांचं अन् माझं एकमत झालं.

साहेबांच्या पंपाला हवा मोजायचा काटा आहे. उद्या त्याच काट्यानं आमच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची हवा बघायची ठरलंय. तुम्हीही एकदा बघा, अन् किती निघाली ते सांगा.

बाकी जाड टायरवाला पुतण्या आज सकाळी सायकल हातात धरून घरी आला. सराटाच होता.