टाळी त्यांची, मानधन कुणाचे?

वर्सोव्याच्या आराम नगरात कास्टिंगची कार्यालये एकमेकांना खेटून आहेत. हिंदी सिनेमात आणि वेब सिरीजमध्ये कोणता चेहरा दिसणार, याचे बरेच निर्णय या गल्ल्यांत होतात. तृतीयपंथी, गे, लेस्बियन माणसांच्या कथांना आता इथे गिऱ्हाईक आहे. पुरोगामी मंडळी त्यावर खूश आहेत. आम्ही इतक्यात खूश होणार नाही. कथा कुणाची आणि तिच्यावर मालकी कुणाची, हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवणे आंबेडकरी माणसाला शोभत नाही.

१९९१ च्या ‘सडक’मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी क्रूर ‘महाराणी’ साकारली. अभिनय जबरदस्त होता, फिल्मफेअरही मिळाले. पण हिजडा म्हणजे अशीच कुणीतरी भयंकर व्यक्ती, हे अनेकांच्या डोक्यात पक्के बसले. २०२० च्या ‘लक्ष्मी’त अक्षय कुमारच्या अंगात तृतीयपंथीयाचे भूत शिरले. एकोणतीस वर्षांत खलनायकाचे भूत झाले, माणूस काही झाला नाही.

२०२३ मध्ये ‘ताली’ आली. सामाजिक कार्यकर्त्या गौरी सावंत यांचे आयुष्य सन्मानाने दाखवले गेले, हे आम्ही मान्य करतो. दिग्दर्शक रवी जाधव, मुख्य भूमिकेत सुष्मिता सेन. त्याच वर्षी ‘हड्डी’त नवाजुद्दीन सिद्दीकी साडी नेसून आले. चित्रण सुधारले, पण मोठी भूमिका पुन्हा आधीच प्रस्थापित असलेल्या कलाकारांकडेच गेली.

यावर ठरलेले उत्तर येते : नट कुणाचीही भूमिका करू शकतो, हेच तर कलेचे स्वातंत्र्य! मान्य. मग हे स्वातंत्र्य एकाच दिशेने का वाहते? तृतीयपंथी नटीला नायकाची आई, शाळेतली बाई, पोलीस अधिकारी म्हणून किती वेळा घेतले? तिला इतर भूमिका नाहीत आणि तिच्या स्वतःच्या जगण्यावरची भूमिकाही नाही. याला कला म्हणा, आम्ही मक्तेदारी म्हणतो.

ही मक्तेदारी आम्हाला नवी नाही. गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी आपणच असल्याचा दावा केला, तेव्हा बाबासाहेबांनी तो धुडकावून लावला. हेतू कितीही चांगला असो, आमच्या वतीने दुसरा बोलणार म्हणजे ते आमचे प्रतिनिधित्व नव्हे. जो न्याय सभागृहाला, तोच पडद्याला.

आणि इथेही जात आहेच. ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’मधला अमन हा त्रिपाठी घरातला मुलगा. त्याच्या वाट्याला प्रेमकथा येते, गाणी येतात, शेवटी घरच्यांची माया येते. वस्तीतल्या तृतीयपंथीयाच्या वाट्याला मात्र सिग्नलवरचे दोन मिनिटांचे दृश्य आणि प्रेक्षकांचे हसू. हा फरक ओळखायला नीरज घायवानसारखा दलित दिग्दर्शक यावा लागला. त्याच्या ‘गीली पुच्ची’तली भारती मंडल दलित आहे, कारखान्यात राबते आणि तिचे एका सवर्ण स्त्रीवर प्रेम आहे. दोघींची घुसमट सारखी वाटते, पण जात आडवी येते तेव्हा दोघी एका पायरीवर नसतात. ‘कलाकारच मिळत नाहीत’ ही सबबही खोटी. ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या सीझनमध्ये ट्रान्स स्त्रीची भूमिका त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या ट्रान्स स्त्रीनेच केली. शोधले की मिळतात.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. मोर्चात समतेच्या घोषणा आणि व्हॉट्सॲपवर विरोधकाला ‘छक्का’ म्हणून शिवी, हे आपल्यातले अनेक तरुण करतात. त्यांनी १९३४ चा खटला वाचावा. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, त्यात समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, असे त्यांनी कोर्टाला ठणकावले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण बाबासाहेब कुठल्या बाजूला होते याची नोंद राहिली. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमातून मुक्त केले. तेव्हा आधार घेतला तो संवैधानिक नैतिकतेचा, जिची आठवण बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेला करून दिली होती.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. तृतीयपंथी आणि समलिंगी माणसांची कथा करायची असेल, तर लेखनाच्या टेबलावर त्यांना बसवा. सल्ला घेतला तर त्याचे पैसे द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या. ऑडिशनला बोलवा, तेही फक्त टाळी वाजवण्यासाठी नव्हे. कुणाची ओळख, कुणाचे जुने नाव त्याच्या परवानगीशिवाय पडद्यावर आणू नका.

आणि मित्रांनो, निर्मात्यांची वाट पाहू नका. आपल्याकडे मोबाईल आहेत, शाहिरी आहे, पथनाट्याची परंपरा आहे. दिशा पिंकी शेख यांच्यासारखी कवयित्री आपल्याच चळवळीत आहे. येत्या १४ एप्रिलच्या मंचावर अशा साथींना सत्काराची शाल देऊन खाली उतरवू नका, त्यांच्या हाती माईक द्या आणि आपण खाली बसून ऐका.

जय भीम!