सिकलसेलचे कार्ड आणि खुब्याचा सांधा

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या बदनावर तालुक्यात, भैंसोला येथे, १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात राज्यातील एक कोटीवे सिकलसेल तपासणी व समुपदेशन कार्डही देण्यात आले. या दोन गोष्टी वरकरणी वेगळ्या वाटल्या, तरी त्यांचा निकटचा संबंध आहे.

मराठी वाचकाला धार परिचित आहे ते पवारांच्या संस्थानामुळे. आज मात्र या जिल्ह्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि सिकलसेलचा भार प्रामुख्याने याच समाजांवर पडतो. नंदुरबारच्या सातपुड्यातही हेच चित्र दिसते. हा आजार रक्ताचा म्हणून ओळखला जातो. पण त्याचे घाव हाडांवरही होतात.

मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याला मोजक्या, बारीक धमन्यांतून रक्त मिळते. विळ्याच्या आकाराच्या ताठर पेशी तेथे अडकल्या की रक्तपुरवठा तुटतो, हाडाचा तो भाग निर्जीव होतो आणि कालांतराने माथा खचतो. खुब्याचा सांधा खडबडीत होऊन ऐन तारुण्यात संधिवात जडतो. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात सुमारे दहा टक्के रुग्णांमध्ये ही विकृती आढळली होती. निदानही सोपे नसते. सिकलसेलमुळे मृत झालेले हाड, हाडातील जंतुसंसर्ग आणि हाडाची गाठ यांची लक्षणे व प्रतिमा कधीकधी एकमेकांशी मिळत्याजुळत्या असतात.

माथा खचल्यानंतर बहुधा कृत्रिम सांध्याचाच पर्याय उरतो. विशीतील रुग्णाला बसवलेला सांधा आयुष्यभर पुरेलच असे नाही, आणि सिकलसेलमध्ये शस्त्रक्रियेचा व संसर्गाचा धोकाही अधिक असतो. खर्चाचा प्रश्न आहेच. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या, त्या गुडघ्याच्या. हाडाच्या कर्करोगासाठी लागणाऱ्या विशेष गुडघ्यालाही त्यात १,१३,९५० रुपयांची मर्यादा मिळाली; खुब्याचा सांधा त्या आदेशात नव्हता.

म्हणूनच २००६ सालचे एक संशोधन मोलाचे ठरते. अमेरिकेत खुब्याचा विकार फारसा पुढे न गेलेल्या ४६ सिकलसेल रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटावर हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया व नंतर फिजिओथेरपी, तर दुसऱ्या गटावर केवळ फिजिओथेरपी असे उपचार झाले. सरासरी तीन वर्षांनी दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळपास सारखेच निघाले. हा प्रयोग लहान होता, अंतिम निवाडा नव्हे. तरीही दुखणे वेळेत ओळखले, तर तालुक्याच्या इस्पितळातही हाती घेता येईल असा उपचार उपलब्ध आहे, एवढे त्यातून दिसते.

येथेच कार्डाची मर्यादा लक्षात येते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकलसेलचे निर्मूलन हे उद्दिष्ट ठेवले. वाहक कोण हे कळल्याने विवाहपूर्व समुपदेशन शक्य होते, हा मोठा लाभ आहे. परंतु ज्यांना आजार आधीच आहे, त्यांच्यासाठी कार्ड ही केवळ सुरुवात आहे. जांघेत दुखते का, चाल बदलली का, अशी विचारपूस, गरजेनुसार एमआरआय, कारण आरंभीचा बिघाड साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही, आणि नियमित फिजिओथेरपी, ही पुढची साखळी उभी राहायला हवी.

गोव्यात बहुतेकांना जिल्हा इस्पितळ तासाभराच्या वाटेवर असते. धारच्या डोंगराळ पाड्यांवरील रुग्णाला ती सोय नाही. बदनावरच्या नियोजित उद्यानात तरुणांना रोजगार मिळावा, अशी अपेक्षा आहे. कापड कारखान्यातील अनेक कामे तासन्‌तास उभ्याने करावी लागतात. ज्यांचा खुबाच निकामी झाला आहे, त्यांच्यापर्यंत तो रोजगार कसा पोहोचणार? मोहिमेचे यश यापुढे वाटलेल्या कार्डांवर नव्हे, तर वेळेत तपासलेल्या आणि वाचवलेल्या सांध्यांवर मोजले गेले पाहिजे.