अस्पर्श चित्राचे सोवळे

छायाचित्रांच्या प्रदर्शनांत निसर्गदृश्याखाली एक वाक्य अभिमानाने मिरवले जाते : 'कोणतेही संपादन केलेले नाही.' जणू टोन कर्व्हला हात लावला की विटाळच! कवीच्या हस्तलिखितातील खाडाखोड वर्गात कौतुकाने दाखवणारे आमचे सहकारीही या वाक्यापुढे मान डोलावतात, म्हणून हा वाद येथे घालणे आम्हांस आवश्यक वाटते.

या वक्राची रचना साधी आहे. आडव्या अक्षावर मूळ उजेड, उभ्या अक्षावर निष्पन्न उजेड. तिरपी सरळ रेषा म्हणजे 'जैसे थे'. रेषा मधोमध चढी केली की मध्यम छटांतील भेद उठून दिसतात, पण टोकांकडे ती सपाट होते आणि तेथले भेद मिटतात. फुकट काहीच मिळत नाही. शिवाय सेन्सर उजेडाची नोंद सरळ प्रमाणात करतो. ती तशीच पडद्यावर मांडली तर चित्र काळवंडलेले दिसते. म्हणून जेपेग बनवतानाच कॅमेरा आपला वक्र लावून मोकळा होतो. 'असंपादित' चित्राचा संपादक कारखान्यात बसलेला असतो, इतकेच.

हे पाप संगणकाचेही नव्हे. प्रकाश आणि काचेवरील काळेपणा यांचे नाते हर्टर व ड्रिफील्ड यांनी १८९० सालीच वक्राने मांडले होते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १ नोव्हेंबर १९४१ रोजी टिपलेले 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' पाहा. सुरुवातीच्या प्रतींत आकाश राखाडी आहे, त्यात ढगांचे पुसट पट्टे आहेत. नंतरच्या प्रतींत तेच आकाश जवळजवळ काळे. १९४८ मध्ये तर त्याने निगेटिव्हच्या जमिनीकडील भागावर पुन्हा रसायनाचा प्रयोग केला. यांतली 'खरी' संध्याकाळ कोणती? पियानो शिकलेला हा माणूस निगेटिव्हला स्वरलिपी मानी आणि प्रतीला वादन. (बातमीच्या छायाचित्राचे नियम वेगळे, त्याविषयी आमचे भांडण नाही.)

मात्र आम्ही आयत्या वक्रांचीही वकिली करीत नाही. दिसेल त्या चित्राला डोळे मिटून इंग्रजी 'एस'चा वळसा देणे ही दुसरी अंधश्रद्धा. पावसाळ्यात कोकणकड्यावर धुके चढते, तेव्हा दृश्यातील बहुतेक छटा उजळ बाजूच्या एका अरुंद पट्ट्यात दाटलेल्या असतात. ठरीव 'एस' नेमका तोच पट्टा सपाट टोकाकडे ढकलतो, आणि एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगा पांढऱ्यात विरून जातात. तेथे वक्राचा वरचा भाग चढा करावा लागतो, आणि त्याची किंमत कड्याच्या सावल्यांकडून वसूल होते. धुके वाचवायचे की कातळाचा पोत, हा निर्णय टाळता येत नाही. छायाचित्रकाराने तो टाळला, तर कॅमेरा घेतो.

आमची मागणी साधी आहे. प्रदर्शनात त्या सोवळ्या वाक्याऐवजी चित्राशेजारी त्याचा वक्र छापावा. काय राखले आणि काय गमावले, ते पाहणाऱ्याला ताडून पाहता येईल. आणि ज्याला वाद घालायचा असेल, तो त्या रेषेवर बोट ठेवून घालू शकेल.