कोयत्याच्या घरातलं कॉलेज

मी बीड जिल्ह्यात बी.ए.च्या वर्गांना शिकवतो. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोद्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात आणि वर्गातले काही बाक रिकामे होतात. मुकादमाची उचल घेऊन आई-बाप फडात गेले, की म्हातारी माणसं, धाकटी भावंडं, शेळ्या सगळं थोरल्या लेकीवर येतं. ती मार्चपर्यंत दिसत नाही.

नोकरदाराच्या मुलाला कॉलेज गृहीतच असतं. नापास झाला तर पुन्हा बसेल. ऊसतोडकऱ्याचा मुलगा मात्र पहिल्याच आठवड्यात विचारतो, ‘सर, याच्यावर पोलीस भरतीला बसता येतं ना?’ याला काहीजण अभ्यासाबद्दलची अनास्था म्हणतात. मला ते साफ अमान्य आहे. एक वर्ष वाया गेलं तर ज्याच्या हाती कोयता येणार, तो आधी भाकरीचंच विचारणार.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने 82 वसतिगृहांची योजना मंजूर केली. त्यात पदवीच्या मुलींसाठी जागा राखून ठेवाव्यात. आणि प्राचार्यांनो, हजेरी कमी म्हणून अशा मुलीचा परीक्षा अर्ज अडवण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या.