पाटीवरचे ३५३

गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी येऊन गेला. वाहतूक शाखेत हवालदार आहे. चार वर्षांपूर्वी सिग्नल तोडणाऱ्या एका पोराला त्याने अडवले, तर त्या पोराने हातातले हेल्मेटच त्याच्या उजव्या कानावर हाणले. तेव्हापासून त्या कानाने कमी ऐकू येते. शाळेत हा शेवटच्या बाकावर बसायचा, आणि मी त्याला बऱ्याचदा कान धरून उभे केले आहे. तोच कान की दुसरा, ते आता आठवत नाही...

"खटल्याचं काय झालं रे?"

"तारखा चालू आहेत, सर."

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला विलास शिंदे या वाहतूक पोलिसाच्या डोक्यात असाच घाव बसला आणि महिनाअखेरीस ते गेले. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्राने भारतीय दंड विधानाचे कलम ३५३ कडक केले. कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, खटला सत्र न्यायालयाकडे गेला. मला तेव्हा आनंद झाला होता, खोटे कशाला सांगू?

पण २०१९ मध्ये सौ.चा मोबाइल चोरीला गेला. पोलीस ठाण्यात तिसऱ्या खेपेलाही तक्रार लिहून घेईनात, तेव्हा माझा मास्तरी आवाज चढला. समोरच्या जमादाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. शासकीय कामात अडथळा, कलम ३५३, पाच वर्षे. "आजोबा, आत बसवू का?" मी मुकाट्याने घरी आलो.

भाचा वकील आहे. त्याने पुस्तक उघडून दाखवले. ३५३ला हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग लागतो. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, हे कलम ३५१च्या स्पष्टीकरणातच लिहिलेले. नुसत्या अडथळ्याचे कलम वेगळे, १८६, त्याला जास्तीत जास्त तीन महिने! बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका जोडप्याने तक्रार लिहिली, तर त्यांच्यावरही ३५३ लावले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते रद्द केले. म्हणजे पाटी लिहिणाऱ्याने तीन महिन्यांच्या गुन्ह्याला पाच वर्षांचे लेबल चिकटवले होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. ३५३ची जागा १३२ने घेतली आणि कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षे झाली. इजा केली तर मात्र १२१ आहे. साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर किमान एक आणि कमाल दहा. काहींना ही ढिलाई वाटते. मला नाही वाटत. हेल्मेट हाणणाऱ्याला आणि बाही ओढणाऱ्याला एकाच मापाने कसे मोजणार? माझी तक्रार त्या तारखांबद्दल आहे. चार वर्षे निकालच नसेल, तर त्या पोराला दोन काय नि पाच काय!

ठाण्यातली माझी फजिती विद्यार्थ्याला सांगितली. तो हसला, मग म्हणाला, "सर, त्या खुर्चीत मी असतो तर मीही तेच बोललो असतो. दिवसभर लोक अंगावर ओरडत असतात हो."

यावर मला उत्तर सुचले नाही. चहा झाला. जिना उतरताना मी पुढची तारीख विचारली. मी त्याच्या उजव्या बाजूला होतो, त्याला ऐकू गेले नाही.